नऊ घरांची जीभ

बनेवारात घरं नऊ आणि ओढा एक. त्या ओढ्यावर बलूताचं, म्हणजे रानातल्या ओकच्या फळांचं, पीठ धुवायला बरी म्हणावी अशी जागाही एकच, जिथे पाणी खडकावरून पायरीपायरीने खाली उतरतं. दर पायरीला एका घराची परडी. परड्या एकमेकींना टेकवून रचलेल्या असतात, त्यामुळे मधली एखादी कुणी आधी उचलली तर धार फुटते आणि खालच्या घरांचं पीठ वाहून जातं. म्हणून आमच्याकडे परड्या उचलायच्या तर नऊच्या नऊ आणि एकाच दिवशी. तो दिवस कोणता, हे बावीस वर्षं माहतला सांगत आली.

बघायला गेलं तर काम चिमूटभर. सगळ्यात खालच्या परडीतलं ओलं पीठ दोन बोटांनी उचलायचं, जिभेवर ठेवायचं, टाळूला लावायचं आणि गप्प उभं राहायचं. जीभ आकसली, गालांच्या आतली कातडी ओढली गेली, तर म्हणायचं, "राहू द्या." काहीच झालं नाही तर म्हणायचं, "उचला." एवढंच. पण या दोन शब्दांवर अख्खा हिवाळा टांगलेला असतो. कच्चं उचललं तर भाकरी कडू आणि तुरट होते, पोट आवळून धरते. मोठी माणसं कण्हत का होईना निभावतात, लहान पोरांचं पोट दगडासारखं होतं. फार दिवस ठेवलं तर पीठ नासतं, नाहीतर बर्फात अडकतं. पाण्याच्या रंगावर भरवसा ठेवावा तर पाणी लबाड. पहिले चार दिवस ते चहासारखं तांबूस असतं, पाचव्या दिवशी नितळ होतं, पण दाण्याच्या पोटातला कडूपणा तसाच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाच कळतो.

माहतला पंधराव्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून कैतासची बायको होऊन आली. तेव्हा गावाची जीभ म्हणजे तिची सासू, माहनिसा. बाई मोठी कडक. तिने "उचला" म्हटलं की पुरुषसुद्धा तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे. लग्नानंतरच्या तिसऱ्या शरदात सासू म्हणाली "उचला", आणि बोटाला लागलेलं पीठ चाटत उभी असलेली सून म्हणाली, "आत्याबाई, अजून कडू आहे."

बायका चपापल्या. सासू म्हणाली, "तुझ्या माहेरी दगड खात असतील. तुला पिठाचं काय कळणार?"

सगळ्या हसल्या. सून मान खाली घालून उभी राहिली, पण शब्द काही तिने मागे घेतला नाही. म्हातारीने रागारागाने आणखी एक चिमूट तोंडात टाकली. मग तिचा चेहराच उतरला. "राहू द्या," ती म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत तिने कधी पीठ जिभेला लावलं नाही. ओढ्यावर यायची, दगडावर बसायची आणि हनुवटीने सुनेकडे खूण करायची.

त्या दिवशी तिथे आणखी एक जण उभी होती. कैतासची बहीण तुर्कनाज, वय वर्षं अकरा, कमरेवर पाण्याची मशक. आईची जीभ आपल्याकडे येणार हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. आई तिला घरात गुपचूप चव घ्यायला शिकवायचीसुद्धा. आणि हा मान गेला कुणाकडे, तर बाहेरून आलेल्या भावजयीकडे. पुढे तुर्कनाजचं लग्न झालं तेही चुलत्याच्या मुलाशी, गावातच, तिसऱ्या घरात. म्हणजे डोळ्यांआड जायचीही सोय उरली नाही. दोघींची बावीस वर्षं टोमण्यांत गेली.

"वहिनी, तुझी जीभ तेवढी चांगली. बाकी सगळं देवाने घाईत केलंय."

"आणि वन्सं, तुमचं गव्हाचं पोतं तेवढं चांगलं. बाकी तुम्ही कुणाला दाखवतच नाही."

कारण तुर्कनाज चिक्कू. तिच्या घरात लाकडी पेटीमागे गव्हाचं एक पोतं कायम राखलेलं असायचं, आणि ते कशासाठी राखलंय हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. गावात कुणी मेलं काय, कुणाचं लग्न निघालं काय, ते पोतं पेटीमागून हललं नाही.

माहतलाला चार मुलं झाली. तीन लहानपणीच गेली आणि एक जगली, गुलाबतून. तिला नदीपलीकडे दिली. तिकडची जमीन सपाट, लोक गहू खाणारे. आम्हा डोंगरातल्यांना ते बलूतखाऊ म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. गुलाबतूनने सासरी कधी काळ्या भाकरीचं नाव काढलं नाही. पण पोटुशी राहिली तेव्हा तिला डोहाळे लागले ते नेमके त्याच भाकरीचे. मिठाची खेचरं घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून तिने निरोप धाडला. दा म्हणते ती आईला, आमच्याकडे सगळेच म्हणतात. निरोप असा होता: "दाला सांगा, बाळंतपणाला येताना कलग घेऊन ये. इथे मागायची लाज वाटते."

कलग म्हणजे तीच, बलूताची काळी भाकरी. माहतलाने डब्यात उरलेलं शेवटचं पीठ काढलं, सात भाकऱ्या भाजल्या आणि फडक्यात बांधल्या. पण वसंत संपत आला होता, डोंगरावरचं बर्फ वितळत होतं आणि नदी दुथडी भरून वाहत होती. रोज सकाळी ती आणि कैतास काठावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. अकराव्या दिवशी पाणी उतरलं. पलीकडून एक माणूस उतार शोधत इकडे आला. गुलाबतून सहा दिवसांपूर्वीच गेली होती. बाळही गेलं होतं. दोघांना एकत्रच पुरलं होतं.

कैतास एवढा आडमाप माणूस, वाळूत बसून धाय मोकलून रडला. माहतला रडली नाही. ती घरी आली, फडकं सोडलं. भाकऱ्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. अन्न टाकायचं नसतं, म्हणून तिने त्या ताकात भिजवल्या आणि चार दिवस एकेक करून खाल्ल्या. कशा लागल्या, हे तिला नंतर आठवेना.

चाळिसाव्या दिवशी सगळे नदीपलीकडे गेले. थडग्यावर बायकांनी विलापाची गाणी म्हटली, छाती बडवून घेतली. माहतलाने कात्री घेतली, आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही वेण्या कापल्या आणि मातीवर ठेवल्या. डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. परतताना बायका आपसात कुजबुजल्या, "दगड झाली हो."

दगड झाली नव्हती. दगड झाली असती तर बरं, असं तिला स्वतःलाच वाटायचं, पण तेही काही फार जोरात वाटायचं नाही. ती पहाटे उठायची, शेळ्या पिळायची, पाणी आणायची, ताक घुसळायची. सगळं व्हायचं, पण जाड घोंगडीपलीकडे कुणी दुसरंच करतंय असं. चुलीवर हात भाजला तर तो भाजलाय हे कातडी लाल झाल्यावर दिसायचं. कैतास कधी म्हणायचा, "मीठ दोनदा पडलंय वाटतं." कधी म्हणायचा, "आज मीठ विसरलीस." ती म्हणायची, "हो का?" दोन्ही वेळा तिला सारखंच लागलेलं असायचं. पुढे पुढे त्याने म्हणणं सोडून दिलं.

त्या साली गव्हावर तांबेरा पडला. ओंब्या उभ्या होत्या, आत दाणा नव्हता. म्हणजे हिवाळा निघायचा तो बलूतावरच. शरद लागताच सगळं गाव बलूताच्या रानात उतरलं. पुरुषांनी काठ्यांनी फांद्या झोडल्या, बायकांनी फळं वेचली. ती गच्चीवर वाळवली, मग चुलीवरच्या माचावर धुरावली, म्हणजे टरफलं तडकतात. टरफलाच्या आत एक पातळ लाल साल असते. ती चोळून वेगळी काढायची आणि मशकांचं कातडं कमवायला ठेवायची. जगात तिच्याइतकं कडू काही नाही. कुत्रंसुद्धा ती हुंगून मागे सरकतं.

राहिलं दळण. आमचा दळायचा दगड फिरत नाही, डोलतो. दोन बायका समोरासमोर बसून त्याला इकडून तिकडे झुलवतात. पण त्या साली जर्दकूहच्या शिखरावर बर्फ वेळेआधी दिसायला लागलं आणि सगळ्यांना घाई झाली. पीठ भरड निघालं. परड्या भरताना माहतलाच्या बोटांना ते भरडपण लागलंही. एरवी तिने नऊही घरांना परत दगडावर बसवलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. या वेळी तिने भरड पीठ परडीत थापलं, वर पानं घातली आणि परडी पाण्यात ठेवली.

सातव्या दिवशी बायका ओढ्यावर जमल्या. पाणी नितळ वाहत होतं. माहतलाने खालच्या परडीतून चिमूटभर पीठ घेतलं, जिभेवर ठेवलं, टाळूला लावलं. काही झालं नाही. जीभ आकसली नाही, गाल ओढले गेले नाहीत. आणि काही न होणं म्हणजेच पीठ तयार, हे तर ती बावीस वर्षं ओळखत होती. तिने आणखी एक चिमूट घेतली. तेच. तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"उचला."

तिच्या मनात जराही शंका नव्हती. शंका यायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं.

त्या संध्याकाळी आठ घरांत तवे तापले. आठ घरांत लोकांनी पहिला घास घेतला आणि आठ घरांत तो तोंडातच घोळत राहिला. परीजानच्या घरी तिच्या नवऱ्याने भाकरी खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"कडू आहे."

"तुझ्या तोंडाला चव नसेल," परीजान म्हणाली. "माहतलाकाकी चुकेल का कधी?"

"तू खाऊन बघ."

तिने खाल्लं. तिचंही तोंड आवळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, बोलू नकोस कुणाकडे. त्या बाईची पोर जाऊन सहा महिने नाही झाले. आता हेही तिला ऐकवायचं का?"

घरोघरी थोडंफार असंच झालं. कुणाला वाटलं, आपल्याच घरी काही बिघडलं असेल. कुणाला वाटलं, उद्याची बरी होईल. आणि ज्यांना नक्की कळलं त्यांनी दुःखात असलेल्या आईला बोल लावणं बरं दिसत नाही म्हणून मूग गिळले. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर माहतलाने विचारलं, "कशी झाली भाकरी?" तर चौघीजणी एका सुरात म्हणाल्या, "छान झाली काकी." कैतासने तर तिच्यासमोर बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर ताक मागितलं. माणसं चांगली होती, त्याला काय करणार? तिसऱ्या दिवसापासून पोरं पोट धरून बसायला लागली. परीजानची नीमताज, तीन वर्षांची, चार दिवस परसाकडे गेली नव्हती.

नववं घर तुर्कनाजचं. तिच्याकडे परडी उचलल्यावर पीठ पिशवीत टांगून चार दिवस आंबवायची रीत, आईपासून चालत आलेली. म्हणून तिचा तवा पाचव्या दिवशी तापला. तिने पहिली भाकरी मोडली, तुकडा तोंडात टाकला, आणि ती तशीच उठून चालती झाली. पायात चपलाही घातल्या नाहीत.

माहतला अंगणात बसून लोकर विंचरत होती. तुर्कनाजने भाकरीचा तुकडा तिच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"भाकरी," माहतला म्हणाली.

"खा."

तिने खाल्ला.

"कसा लागला?"

"भाकरीसारखा."

"वहिनी, माझ्याशी खेळ नको करूस. गावातली पोरं पोट धरून लोळताहेत आणि तू म्हणतेस भाकरीसारखा? कशाचा सूड उगवतेस आमच्यावर? तुझी पोर गेली म्हणून..." आणि इथे ती थांबली. कारण माहतला तिच्याकडे बघत होती, पण रागाने नाही, दुःखानेही नाही. ओढ्याकडे बघावं तशी बघत होती.

भिंतीशी टोपलीत कातडं कमवायची लाल साल ठेवली होती. तुर्कनाजने त्यातली मूठभर उचलली आणि पुढे केली.

"हे खा बघू."

माहतलाने ती घेतली, तोंडात टाकली आणि चावायला लागली. भाकरी चावावी तशी. चावली, गिळली, आणि पुन्हा लोकरीला हात घातला. ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या.

तुर्कनाज तिच्यासमोर खाली बसली. या बाईला खाली पाडायची स्वप्नं तिने बावीस वर्षं पाहिली होती. आता ती समोर पडलेली होती, आणि तुर्कनाजला ते बघवेना.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय?"

"कधीपासून चव लागत नाही तुला?"

माहतला विचार करू लागली. "मला वाटलं, आता असंच लागतं सगळं," ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. "म्हणजे पीठ कच्चं होतं?"

"होतं."

"पण सगळ्या तर छान म्हणाल्या."

"त्या सगळ्या मूर्ख आहेत," तुर्कनाज म्हणाली. "चल. नीमताजला बघायचंय."

परीजानच्या घरात पोर अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पोट ताठ, ओठ सुकलेले, आणि रडून रडून आवाज गेलेला. माहतलाला पाहून परीजान घाईने म्हणाली, "काही नाही हो काकी, पडसं झालंय तिला."

"पडसं पोटाला होत नाही," माहतला म्हणाली. "माझ्यामुळे झालंय."

परीजानने तोंडावर हात ठेवला आणि रडू लागली. मेंढीचं तूप कोमट करून पोरीला पाजलं, वर पातळ ताक दिलं, आणि माहतला तिचं पोट तेलाने चोळत बसली. एकच विचार तिच्या मनात येऊन उभा होता, की ही पोर गेली तर आपणच मारली. विचार स्पष्ट होता, शब्द न् शब्द. पण तो काही टोचत नव्हता. टोचायला हवा, हे कळत होतं, आणि म्हणून ती हात थांबवत नव्हती. दुपार कलली तरी ती चोळतच होती. मग पोरीने बसलेल्या आवाजात किंचाळून तिचं बोट धरलं आणि एकदाची मोकळी झाली. परीजान हसायला आणि रडायला एकदमच लागली. माहतलाने हात धुतले.

ती तिथून निघाली ती ओढ्याकाठच्या मोठ्या दगडावर जाऊन उभी राहिली. तुर्कनाजने हाका मारून सगळ्यांना बोलावलं. माणसं जमली. माहतलाने फार काही सांगितलं नाही.

"माझी जीभ गेली आहे. पीठ कच्चं होतं, मी उचला म्हणाले. घराघरांत जेवढं उरलंय तेवढं परत पाण्यात ठेवा. आणि यापुढे मला विचारू नका. तुर्कनाजला विचारा. तिला तिच्या आईने शिकवलंय."

कैतास पुढे येऊन काही म्हणणार होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. हा मान सोडताना आपल्याला काहीतरी वाटेल अशी तिची अपेक्षा होती. ती वाट बघत उभी राहिली. काही वाटलं नाही. वारा गार होता, तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी परड्या पुन्हा रचल्या गेल्या. घट्ट झालेल्या पिठाचे गोळे फोडून, नीट बारीक करून, पानांवर पसरून ठेवले. काही नासलं होतं ते शेळ्यांना घातलं. आता पाणी आधीपेक्षा कमी आणि कितीतरी गार होतं. रात्री काठावर बर्फ धरायचं. रोज सकाळी बायका काठ्या घेऊन यायच्या आणि ते फोडून धार मोकळी करायच्या. माहतला सगळ्यांच्या आधी यायची. बोटं फुटून रक्त यायचं, ते तिला परीजान दाखवायची.

"अहो काकी, हात बघा तुमचा."

"हो की," ती म्हणायची आणि फडकं गुंडाळायची.

तोवर घराघरांत जे काही जव आणि वाळलेलं दही होतं ते संपत आलं. लोक सकाळी आभाळाकडे बघायचे आणि मग तुर्कनाजकडे. तुर्कनाज रोज चव घ्यायची आणि मान हलवायची. टोमणे मारायचं तिने बंद केलं होतं. त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटत होती.

सहाव्या दिवशी आभाळ डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरलं होतं. बर्फ आज ना उद्या पडणार. नऊही घरांच्या बायका आपापल्या परडीशी उभ्या होत्या. तुर्कनाजने खालच्या परडीतून चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, टाळूला लावली, डोळे मिटले. पीठ गोड होतं. कडूपणाचा मागमूस नव्हता. आई म्हणायची तसं, आईच्या दुधासारखं मऊ.

तिने "उचला" म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. बावीस वर्षं तो शब्द तिने दुसरीच्या तोंडून ऐकला होता आणि दरवेळी जळली होती. आता तो तिच्या हातात आला होता आणि एकटीने म्हणायला जिभेला रेटत नव्हता. माहतला जरा बाजूला काठी टेकून उभी होती, वेण्या कापलेलं डोकं फडक्यात गुंडाळून.

"वहिनी, तूही बघ," तुर्कनाज म्हणाली.

"मला काय कळणार, वन्सं?"

"बघ तरी. चिमूटभर पिठाने काही मरत नाहीस."

माहतलाने काठी खाली ठेवली. फडकं बांधलेल्या बोटांनी चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. नेहमीसारखं काही झालं नाही. ती मान हलवून मागे फिरणार, तेवढ्यात जिभेच्या कडेला काहीतरी हललं. गालांच्या आतली कातडी ओढल्यासारखी झाली. टाळू आवळला. तोंडाला पाणी सुटलं. तिने हात तोंडावर घट्ट दाबला, जणू कुणी आतून बाहेर पडत होतं.

"कडू आहे," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कडू आहे हो वन्सं. फार कडू आहे." आणि ती खाली बसली, चिखलात. "सात केल्या होत्या हो मी. नदी उतरेना. मीच खाल्ल्या सगळ्या. अगं गुलाबतून, अगं माझी बाई, मीच खाल्ल्या गं तुझ्या भाकऱ्या." सहा महिन्यांत ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मग तिला रडू फुटलं, असं की वरच्या घरांतून पुरुष धावत आले आणि लांबच थांबले. कैतासने टोपी काढून हातात धरली.

तुर्कनाजने आणखी एक चिमूट तोंडात टाकली. मुद्दाम सावकाश चघळली. पीठ गोडच होतं, यात काडीचा संशय नव्हता. समोर बाकीच्या बायका परड्यांना हात लावून तिच्या शब्दाची वाट बघत होत्या, आणि पायाशी तिची भावजय कडू कडू म्हणत ऊर फुटेस्तोवर रडत होती. पीठ गोड आहे म्हटलं तर या बाईला सहा महिन्यांनी जे एक लागलं, तेही खोटं ठरणार. तुर्कनाजला हे दिसलं. आजवर बनेवारात तोंडावर खरं बोलणारी म्हणून तिचं नाव होतं, आणि त्यापायी तिचं कुणाशी पटतही नव्हतं.

तिने तोंड वाकडं केलं आणि पीठ बाजूला थुंकलं.

"कडूच आहे," ती म्हणाली. "राहू द्या आज."

"पण तुर्कनाजकाकी, आभाळ बघा," परीजान रडवेली झाली. "आणि घरात आता शिजवायला काहीसुद्धा..."

"माझ्याकडे या. गहू आहे."

सगळ्या तिच्याकडे बघतच राहिल्या. कुणीतरी, बहुतेक तिचाच नवरा, मागून म्हणाला, "ते पोतं?"

"हो, ते पोतं. तोंड मिटा आणि पेटी सरकवायला चला."

ती वाकली, माहतलाच्या काखेत हात घातला आणि तिला दगडावर नीट बसवलं. मग परड्यांवरची पानं तिने पुन्हा सारखी केली आणि काठावरच्या बर्फाला काठी मारून धार मोकळी केली. संध्याकाळपर्यंत पेटीमागचं पोतं नऊ घरांत वाटून रिकामं झालं, आणि ओढ्यात तयार झालेलं पीठ आणखी एक दिवस धुतलं जात राहिलं.